'६२२ ना?' 'हो सर, ६२२'

सायकलचं सामान ऑनलाइन मागवलं आणि फसलो, एकूण २३,५३९ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर 'किती गेले, किती गेले' सुरू होतं.

जुन्या धाटणीच्या टुरिंग सायकलचं सामान होतं. ठोक्याच्या नक्षीचे अ‍ॅल्युमिनियमचे मडगार्ड ६,२००, चामड्याची सीट ८,९००, डायनॅमो हब (चाकाच्या मध्यात बसून दिव्याला वीज देणारं) ९,५००, पुढचा दिवा ३,४००, पुढचं कॅरिअर ३,६००. बेरीज ३१,६००. निम्मे आगाऊ, म्हणजे १५,८००. मग 'कस्टम ड्यूटी' ४,७४०. मग 'परत मिळणारा विमा' २,९९९. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

खोकं मात्र आलं. आत २८ इंची गावठी सायकलचे लोखंडी मडगार्ड, वर चंदेरी रंग, आणि रेक्झिनची सीट. मडगार्डला फ्रिजवरचं चुंबक लावलं तर टच्चकन चिकटलं. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. सीट उलटी केली तर खाली फोम. चामड्याची खरी सीट खालून पोकळ असते. एकच जाड कातडं पुढे-मागे रिव्हेटनं ताणलेलं आणि नाकाखाली ताण वाढवायचा नट. कोल्हापुरात, चपलांच्या गावात राहून मी वरून काढलेल्या फोटोवर भाळलो. सीटचा फोटो खालून मागा, कायम.

आता ज्याचा राग अजून जात नाही ते. या विषयातलं मला कळतं आणि तेच नडलं. मी विचारलं, '६२२ ची रिंग ना?' (टायर जिथं बसतो तिथला रिंगचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) विकणारा म्हणाला, 'हो सर, ६२२.' 'मडगार्ड ४५ मिमी रुंद ना?' 'हो सर, ४५.' प्रश्नातच उत्तर मी देत होतो आणि तो फक्त 'हो सर' लिहीत होता. हब आऱ्यांच्या ३२ भोकांचं म्हणाला. माझी रिम ३६ ची आहे म्हटल्यावर दोन मिनिटांत '३६ पण आहे सर'. ज्याच्याकडे खरोखर माल असतो तो निम्म्या वेळा 'नाही' म्हणतो! त्यावर कडी म्हणजे, 'डायनॅमो १२ व्होल्ट आहे.' सायकलचं डायनॅमो हब ६ व्होल्ट, ३ वॅटचं असतं, हे मला झोपेतही सांगता येईल. तिथंच थांबायला हवं होतं. मी मनात म्हटलं, दुकानदार आहे, त्याला काय कळतंय. आणि पिन टाकला.

'कस्टम'चं तर विचारूच नका. माल पुण्यातून येणार होता. पुणे-कोल्हापूरच्या मध्ये किणीचा टोल नाका लागतो, कस्टम लागत नाही. पण १५,८०० अडकले की माणूस ४,७४० भरतो. हे मूर्खपणाचं आहे, पण तुम्हीही भरले असते.

'२८ इंच' या शब्दाला भुलू नका. आपल्या गावठी २८ × १½ ची रिंग ६३५ मिमी, टुरिंग सायकलच्या ७०० सी मापाची ६२२. मडगार्ड ओढूनताणून बसतोही, पण टायरपासूनचं अंतर सगळीकडे सारखं राहत नाही. ते साधारण १० ते १५ मिमी हवं. कमी पडलं की गगनबावड्याच्या पावसात चिखल तिथंच दाबून बसतो आणि चाक घासतं. अ‍ॅल्युमिनियमचा मडगार्ड असा ताणून आवळला तर बोल्टच्या भोकापासून तडा जातो. म्हणून भोक जागेवर धरूनच पाडायचं, मध्ये चामडी वॉशर घालायचा आणि मगच ५ मिमीचा बोल्ट कसायचा. मडगार्डच्या दांड्या आणि क्लिपा इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याकडून करून मिळतात. त्या तरी ऑनलाइन मागवू नका.

आता साहेब लोक. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, क्रमांक मिळाला. बँक म्हणाली, 'पिन तुम्हीच टाकलाय.' पोलीस ठाण्यात हवालदार खोक्यात डोकावले आणि म्हणाले, 'माल मिळालाय न्हवं? मग फसवणूक कुठली? ग्राहक मंचात जावा.' भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं, तर 'तुम्ही वकील हाय काय?' ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे खरं. पण समोरच्याचा पत्ता लागतो. पत्त्यावर गेलं तर तिथं बांगड्यांचं दुकान. पुन्हा पोलिसांकडे, तर 'सायबरला जावा'. सायबरला गेलो, तर 'स्थानिक ठाण्याचं पत्र आणा'. चार चकरांत रजा गेली, पेट्रोल गेलं, आणि प्रत्येक टेबलावर एकच सवाल: 'एवढे पैसे सायकलला?' अहो, चोरी किती रुपयांची झाली की चोरी म्हणायची?

बिलावर जीएसटी क्रमांक होता, सुरुवात ०७ नं. ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचा २७. पैसे देण्याआधी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, अर्धा मिनिट लागतो. खोकं उघडताना व्हिडिओ काढा; माझा नाही, म्हणून 'माल तुम्हीच बदलला नाही कशावरून' हेही ऐकून झालं.

त्याचा नंबर अजून चालू आहे. काल नवी जाहिरात टाकली. त्यातलं वाक्य माझ्याच मेसेजमधून जसंच्या तसं उचललेलं: 'मडगार्ड ४५ मिमी, ३५ च्या टायरला चालतो, चामडी वॉशर सोबत.' डायनॅमोही आता ६ व्होल्टचा झालाय.