नागदेवीचे चार बेल्ट आणि वाड्याची लाल मॅसी

मी मालिकांचे प्रॉप्स बघते. म्हणजे हिरॉईनच्या मंगळसूत्रापासून सासऱ्याच्या अडकित्त्यापर्यंत सगळं. गेल्या दिवाळीनंतर त्यात एक ट्रॅक्टर आला. गोष्ट गावाकडची, सेट गोरेगावच्या चित्रनगरीत, आणि दिग्दर्शकाला हवी तीच लाल मॅसी १०३५, जिच्यावर बसून नायक पहिल्या भागात गावात शिरला होता. ती पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या एका काकांची. महिन्यातून एकदा आणायची, चार दिवस शूट करायचं, परत पोचवायची. एका बाजूचे शंभरेक किलोमीटर, मनोरवरून हायवेने. ती गाडीवर घट्ट बांधायला घेतलेल्या रॅचेट बेल्टबद्दल, म्हणजे दात असलेल्या हँडलने ताणायच्या पट्ट्यांबद्दल, हे लिहितेय.

पहिल्या खेपेला बंद पडलेल्या मोटारी उचलतात तसली फ्लॅटबेड ठरवली. गाडीवाल्याकडे मोटारींच्या चाकांवरून टाकायचे पट्टे होते. मॅसीचं मागचं चाक माझ्या खांद्याला लागतं, १३.६ बाय २८चा टायर. पट्टे कुठून पुरणार? मग नायलॉनचा दोर आला, लाकडी गुटके आले आणि "ताई, जागचा हलायचा नाही" हेही आलं. दहिसरला एका रिक्षाने कट मारला, ब्रेक लागला आणि ट्रॅक्टर वीतभर पुढे सरकून केबिनमागच्या जाळीवर आदळला. माणसांना काही झालं नाही. डावा हेडलाइट मात्र गेला. पहिल्या भागात दोन्ही डोळ्यांनी बघणारी मॅसी सेटवर एका डोळ्याने उतरली. कंटिन्युइटीवालीने ट्रॅक्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दिवसभर एवढंच केलं.

त्यानंतर मी ऑनलाइन बेल्टचा एक सेट मागवला. बोटभर रुंदीचे बेल्ट, खोक्यावर 'हेवी ड्यूटी', बेल्टवर लेबल नाही. तो घेऊनच नागदेवी स्ट्रीटला गेले. मशीद बंदरला उतरलात की हातगाड्या चुकवत दहा मिनिटं चालायचं. त्या गल्लीत दारात चेन-पुली टांगलेली दुकानं बरीच आहेत, म्हणून खूण सांगते: पाटी अर्धी ताडपत्रीमागे, गल्ल्यावर पितळी तराजू, आणि काउंटरखाली एक मांजर, जे ग्राहकाच्या पिशवीत हमखास डोकावतं.

शेठनी आधी माझ्यामागे बघितलं. साहेब आलेत का, असा तो बघण्याचा अर्थ. या गल्लीत मला त्याची सवय आहे. मग माझा ऑनलाइन सेट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "बांधायचंय काय?"

"ट्रॅक्टर."

"याने स्कूटर बांधा. वजन किती?"

सतराशे किलोच्या आसपास, मी म्हटलं. त्यांनी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. गाडी जोरात थांबली की वजनाच्या ८० टक्के ओढ पुढे जाते असं धरायचं, म्हणजे साडेतेराशे किलोच्या वर. बाजूला आणि मागे वजनाच्या निम्मी. मग ५० मिलिमीटर रुंदीचा, आठ मीटर लांबीचा नारिंगी रॅचेट बेल्ट काढला. त्यावर मोठ्या अक्षरांत '५ टन' छापलेलं.

"हा आकडा वाचायचा नाही," शेठ म्हणाले. "हा तुटायचा आकडा आहे. कामाचा आकडा इथे."

शिवलेल्या निळ्या लेबलवर बारीक अक्षरांत एलसी (लॅशिंग कपॅसिटी, म्हणजे बांधण्याची क्षमता) २५०० डीएएन. एक डीएएन म्हणजे ढोबळमानाने एक किलोची ओढ, म्हणजे सरळ ओढीत बेल्टचा भरवसा अडीच टनांचा. लेबल निळं म्हणजे पट्टा पॉलिएस्टरचा, हेही तेव्हाच कळलं. बेल्टचा रंग नारिंगी असो नाहीतर पिवळा, त्याला अर्थ नाही. लेबल फाटलं की बेल्ट बाद समजा, असं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि बांधणार कुठे?"

मला वाटलं होतं, वरून दोन आडवे टाकायचे. शेठनी मान हलवली आणि बिलाच्या उरलेल्या पाठीवर ट्रॅक्टर काढला. चार नग, चार कोपरे. पुढचे दोन पुढे आणि खाली ओढणारे, मागचे दोन मागे आणि खाली. ब्रेक लागल्यावर ट्रॅक्टरला धरतात ते मागचे दोन. हे मला उलटं वाटत होतं, आणि कागदावर बाण काढून दाखवेपर्यंत उलटंच वाटत राहिलं. नगाला ८५० सांगितले, ७८०ला दिले. तो कागद फुकट.

आता वाड्याची गोष्ट. काकांच्या अंगणात फ्लॅटबेड तिरकी झाली, मॅसी विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, वर चढली. समोरचं तोंड पुढे, गिअर टाकलेला, दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना खिटीने अडकवलेले आणि पार्किंग ब्रेक ओढलेला. ड्रायव्हर लगेच बेल्टचा हूक स्टिअरिंगच्या टाय रॉडला लावायला गेला, कारण तो हाताशी होता. काका ओरडले, "अरे, तो वाकला तर पेरणी तू करणार का?" पुढचे दोन बेल्ट पुढच्या अ‍ॅक्सलच्या जाड लोखंडी सपोर्टला लागले. मागचे दोन लोअर लिंकला, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या दांड्यांना, नाही लावायचे, त्या वर-खाली हलतात. ट्रॉलीचा हूक ज्या ब्रॅकेटवर बसतो तिथे लावले.

आणि इथे पहिली अडचण. या बेल्टला दुहेरी जे-हूक आहेत, जाड सळीचे. फ्लॅटबेडच्या जमिनीतल्या कड्यांत ते शिरतच नव्हते. नागदेवीत हे कोणी बोललं नाही, आणि माझ्या डोक्यातही आलं नाही. शेवटी काकांच्या शेडमधून चार डी-शॅकल (डी आकाराच्या, पिन लावायच्या कड्या) मिळाले, नांगराच्या साखळीचे, कुठल्या वजनाचे ते काका जाणोत. त्या दिवशी निभावलं. पुढच्या खेपेआधी त्याच गल्लीतून वजन कोरलेले चार घेतले. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा आपल्या गाडीच्या कड्याचा फोटो आणि माप घेऊन जा.

रॅचेटचं काम मात्र छान आहे. पट्टा दांड्यातून ओवायचा, मोकळा भाग हाताने ओढून घ्यायचा आणि मग हँडल मारायचं. दांड्यावर किमान दीड-दोन फेरे बसले पाहिजेत, आणि फार जाड गुंडाळी झाली की सोडताना अडकते. ड्रायव्हर हँडलला पाइप लावून आणखी ताणायला निघाला होता. मी त्याला शेठचं बिल दाखवलं. त्यावर तेच लिहिलं होतं: हाताने, पाइप नाही. चारही बेल्ट आळीपाळीने दोन-दोन दात ताणले, एका कोपऱ्यात सगळा जोर काढला असता तर ट्रॅक्टर तिरका बसला असता. पुढच्या सपोर्टच्या कडेवर बेल्ट घासत होता, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला.

मनोरला चहाला थांबलो तेव्हा मी चारही बेल्ट हाताने दाबून बघितले. वाड्याहून निघताना तारेसारखे होते, आता दोन ढिले. खड्ड्यांत हवेचे टायर बसतात आणि बेल्ट सैल होतो. दोन-दोन दात पुन्हा ताणले. पुढे दहिसरला पुन्हा बघितलं, तेव्हा फक्त एकाला एक दात लागला. ट्रॅक्टर बोटभरही सरकला नव्हता. सेटिंगदादांनी उतरवून घेताना चाकाजवळचा खडूचा पट्टा बघून "ताई, काय लेव्हल लावली का?" विचारलं. खडूची रेघ मीच वाड्यात मारली होती. जुळवून बघण्याची सवय आहे मला.

आता तक्रारी. उरलेला पट्टा बांधून ठेवायला यात काहीच नाही. या बेल्टच्या पहिल्याच खेपेत एकाचं टोक हायवेभर फडफडलं आणि हातभर धागे सुटले. आता शेवटाला गाठ न मारता गुंडाळी करून दोरीने बांधते. गाठ ताणाच्या भागात तर कधीच नाही, तिथे बेल्टची ताकद निम्म्यावर येते. दुसरं, रॅचेटला गंज. आरेच्या पावसात बेल्ट एक रात्र उघड्यावर राहिले आणि सकाळी हँडल सुटेना. फक्त दांड्यावर थोडं तेल टाकलं, पट्ट्याला लागू दिलं नाही. तिसरं, सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत आणि दाण्याएवढ्या अक्षरांत. बेल्टला चुना-सिमेंट लागू देऊ नका, हे मला त्यातून नाही, शेठकडून कळलं. आमच्याकडे भिंती रंगवणारे दादा रोज चुना कालवतात, त्यामुळे ते फार गरजेचं होतं.

फ्लॅटबेडवाल्याबद्दल थोडंच. चाळीस मिनिटं उशीर, फोनवर "पोचतोच" तीन वेळा. विंच सावकाश चालवतो, हे त्याच्या बाजूने.

बेल्टला पाचपैकी चार. दुकानाला साडेचार, अर्धा त्या शॅकलचा कापला. रविवारी बंद असतं, आणि दुपारी जेवणाच्या वेळेला शेठ नसतात तेव्हा पोऱ्या जे हातात देईल ते नेऊ नका.

तीन खेपा झाल्या. चौथ्यासाठी बॅग उघडली तर बेल्ट दोनच. बाकीचे दोन लाइटदादांनी क्रेनवर स्किमर (उजेड मऊ करायचं कापड) बांधायला नेले होते, "ताई, लय मस्त हाय हे" म्हणत. एकाचं लेबल फाटलेलं परत आलं. म्हणजे सोमवारी पुन्हा मशीद बंदर.