लोखंडी फुप्फुस की रबरी पिशवी? पोलिओग्रस्तांच्या कृत्रिम श्वसनाचे दोन मार्ग

1952 नंतर पोलिओमुळे श्वास अडलेला रुग्ण दाखल झाला, की डॉक्टरांना ऋण दाबाची (छातीभोवतीची हवा खेचून ती फुगवणारी) लोखंडी पेटी, म्हणजेच लोखंडी फुप्फुस, आणि धन दाबाची (हवा थेट फुप्फुसात ढकलणारी) रबरी पिशवी यांतून निवड करावी लागे. ही निवड यंत्राकडे पाहून नव्हे, तर रुग्णाच्या घशाकडे पाहून करणे योग्य होते, असे माझे मत आहे.

फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी हार्वर्डमध्ये बनवलेली पेटी ऑक्टोबर 1928 मध्ये बॉस्टनच्या बालरुग्णालयात 8 वर्षांच्या एका मुलीसाठी प्रथम वापरली गेली. डोके बाहेर, मानेभोवती रबरी पट्टा आणि बाकीचे शरीर हवाबंद नळकांड्यात अशी तिची रचना होती. आतली हवा खेचली, की छाती फुगून नाकातोंडातून हवा आत जाई. जॉन एमर्सन यांनी 1931 मध्ये काढलेले यंत्र अधिक हलके व स्वस्त होते आणि वीज गेल्यावर त्याचा भाता हाताने चालवता येई. मात्र रुग्णाची स्वच्छता बाजूच्या झरोक्यांतून हात घालून करावी लागे. केवळ छाती झाकणारे कवच सुटसुटीत खरे, पण गंभीर रुग्णाला त्याचा जोर पुरत नसे.

गिळण्याची शक्ती गेली, की पेटीचा खरा दोष उघडा पडतो, कारण घशात साचलेली लाळ व कफ श्वासाबरोबर फुप्फुसात ओढले जातात. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात 1952 च्या साथीत पहिल्या तीन आठवड्यांत अशा यंत्रांवर ठेवलेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. त्यांच्या रक्तातील वाढलेले बायकार्बोनेट (रक्ताची आम्लता सावरणारा घटक) तेथील डॉक्टरांना कोड्यात टाकत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ते अपुऱ्या श्वसनाने साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वाढल्याचे ओळखले. 27 ऑगस्ट रोजी 12 वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन फुगा असलेली नळी बसवण्यात आली, कफ शोषून काढला गेला आणि इब्सेन यांनी पिशवी दाबून तिला श्वास दिला. फुग्यामुळे हवा बाजूने निसटत नाही आणि घशातली लाळही खाली उतरत नाही.

पिशवी स्वस्त, पण तिला माणसांचे हात अहोरात्र लागतात. कोपनहेगनमध्ये सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ती दाबली आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याखाली आले. लहान गावातल्या रुग्णालयाला हे कसे झेपावे? स्वीडनच्या एंगस्ट्रॉम यांच्या धन दाबाच्या यंत्राला मागणी आली ती त्यामुळेच.

घसा शाबूत असून फक्त छातीचे स्नायू लुळे पडले असतील, तर पेटीच बरी, कारण गळ्याला छेद द्यावा लागत नाही आणि रुग्णाला बोलता येते. गिळता येत नसेल, तर शेजारी पेटी रिकामी असली तरी पिशवीच घ्यावी.