शाळेआधी मुलांची झोप परत जागेवर आणायची : हळूहळू की एकदम?

मे महिन्यात नववी-दहावीतली मुलं कधी झोपतात ते काही सांगायला नको. आयपीएलची मॅच संपेपर्यंत साडेअकरा, मग मोबाइलवर मित्रांबरोबर तिचीच चर्चा, मग दीड-दोन कधी वाजले कळत नाही आणि सकाळ उजाडते साडेनवाला. आणि जूनच्या मध्यावर बस सव्वासहाला गेटवर उभी. आमच्याकडे दोन्ही प्रकार करून झालेत. मुलगी आता बारावीत आहे, तिच्या दहावीच्या वेळी शेवटच्या दोन दिवसांत एकदम केलं, आणि गेल्या वर्षी मुलाच्या नववीला बारा दिवस आधीपासून हळूहळू. दोघांचे स्वभाव वेगळे, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, पण तुम्ही ठरवत असाल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

एकदम करण्याचा फायदा खरा आहे. सुट्टी शेवटपर्यंत सुट्टीच राहते. मुलीला आजोळाहून अगदी १२ जूनला आणलं, मनसोक्त राहिली ती, आणि मला अजूनही वाटतं की ते दिवस तिला मिळाले ते चांगलंच झालं. १३ ला पहाटे साडेपाचला उठवलं, कुरकुर न करता उठलीसुद्धा. सकाळभर ठीक होतं सगळं.

घोळ झाला तो दुपारी. जेवण झालं, पडदे ओढले, घरातले सगळे आडवे झाले तशी तीही झाली. आई म्हणाली, "झोपू दे रे तिला, पहाटे उठलीय लेक." मलाही पटलं. ती उठली थेट साडेपाचच्या चहाला आणि रात्री साडेबारा झाले तरी टक्क जागी. दुसऱ्या दिवशी तेच. मग शाळा सुरू झाली आणि सकाळची शाळा म्हणजे मूल एक-सव्वाला घरी, जेवण, झोप, पाचला उठून क्लास, रात्री एकपर्यंत जागरण, पहाटे परत ओढून उठवायचं, असं जवळपास महिनाभर चाललं. झोपेचं भुकेसारखंच आहे, संध्याकाळी दोन वडापाव खाल्ले की रात्रीचं जेवण जात नाही तसं दुपारी तीन तास झोपल्यावर रात्रीची झोप येणार कुठून. बाकी सगळं मी सहन केलं असतं, पण ही दुपार काही केल्या मोडेना. आणि तिला उठवायला जायचं तर तिचा चेहरा बघून जीवावर यायचं.

नंतर थोडं वाचलं तेव्हा कळलं की यात तिचा आळस नव्हता. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, आणि झोप तर या वयात ८ ते १० तास लागतेच. शिवाय साडेनवापर्यंत झोपणाऱ्या मुलासाठी पहाटे साडेपाच म्हणजे शरीराच्या हिशोबानं अजून मध्यरात्रच, त्या वेळी डोळ्यावर लख्ख उजेड पडला तर घड्याळ अलीकडे यायच्या ऐवजी उलट पुढे जाऊ शकतं. म्हणजे आम्ही करत होतो ते बहुतेक उलटंच होतं.

आता हळूहळूवाला प्रकार. त्यातही पहिले तीन दिवस आमचं चुकलं, आम्ही रात्रीपासून सुरुवात केली. दहाला दिवे बंद, आणि पोरगा दीड तास पंख्याकडे बघत पडलेला. मग ते सोडलं आणि सकाळ धरली. दोन दिवस रोज अर्धा तास लवकर, तिसऱ्या दिवशी तीच वेळ ठेवायची, परत दोन दिवस अर्धा-अर्धा तास, असं करत साडेनऊवरून साडेपाच. उठल्या उठल्या दूध घेऊन गच्चीवर, वीस-पंचवीस मिनिटं. पुण्यात जूनमध्ये सहाच्या आधीच उजाडतं आणि आभाळ भरून आलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. रात्रीची झोप मग आपोआप दोन दिवस मागून अलीकडे यायला लागली, त्यासाठी भांडावं लागलं नाही. आणि मुख्य म्हणजे सकाळ अर्ध्या तासानंच सरकत असल्यामुळे दुपारी तो तसा गळून जायचा नाही. फारच डुलक्या आल्या तर हॉलमधल्या सोफ्यावर, पडदे उघडे ठेवून, तीनच्या आत वीस मिनिटं. आईलाही आधीच सांगून ठेवलं होतं.

त्रास यातही आहे. बारा दिवस कुणीतरी मोठं माणूस त्याच्याबरोबर उठावं लागतं. मध्येच सांगलीला एक लग्न आलं, त्यात दोन दिवस मागे गेलो. मित्र रात्री अकराला ऑनलाइन खेळायला जमायचे तेव्हा त्याला उठून जावं लागायचं, त्याचं मलाच वाईट वाटायचं. ज्यांच्या सुट्ट्या शेवटच्या आठवड्यापर्यंत गावीच जातात त्यांना हे जमणं अवघड आहे, मान्य.

खरं तर शाळाच उशिरा भरली पाहिजे. २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचा शासन निर्णय निघाला, चांगलंच झालं, पण ज्यांचं घड्याळ उशिरा सरकतं ती मोठी मुलं त्यात नाहीतच. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कूलं साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत. आपल्याकडे दहावीच्या मुलांचा असा विचार व्हावा असं मला फार मनापासून वाटतं.

तर तुमच्या हातात दहा-बारा दिवस असतील तर हळूहळूच करा असं मी म्हणेन. विदर्भात शाळा आणखी उशिरा उघडतात, तिथे तर सवडच आहे. तीन-चारच दिवस उरले असतील तर एकदमवाल्याला पर्याय नाही, फक्त दुपार सांभाळा, जेवल्यावर त्याला बिछान्याकडे जाऊ देऊ नका, वह्यांना कव्हरं घालायला बसवा, दुकानात पाठवा, काहीही.

मुलगा यंदा दहावीला. त्यानं स्वतःच कालनिर्णयवर २ जूनपासून वेळा लिहून ठेवल्यात, पहिल्या दिवशी नऊ.