आमच्या संकेतस्थळाची मालकी परस्पर गेली, त्याची हकीकत

देवगड तालुक्यातील आमच्या बागेचा हापूस आम्ही अनेक वर्षे मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेटीने पाठवतो. आमचे संकेतस्थळ जुने झाले होते आणि मोबाइलवर नीट उघडत नव्हते. म्हणून ते नव्याने बांधण्याचे आणि हंगामापूर्वी गिऱ्हाइकांना ईमेल पाठवण्याचे काम एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीकडे सोपवले. एजन्सीचे नाव येथे देत नाही. तिची पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण नव्या नावाने तीच पद्धत उद्या दुसऱ्या कोणाच्या दारात येऊ शकते.

'गूगलवर पहिला क्रमांक हमखास' हे तिचे पहिले आश्वासन होते. असा क्रमांक कोणीही हमखास देऊ शकत नाही, असे गूगलनेच संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. त्यामुळे हे वाक्य ऐकताच बोलणी थांबवावीत. काम सुरू झाल्यावर तांत्रिक सोयीचे कारण देऊन तिने आमचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे इंटरनेटवर नोंदवलेले नाव, स्वतःच्या खात्यात हलवून घेतले. पैसे आम्ही भरत होतो, तरी नोंदणी एजन्सीच्या नावे झाली.

खरे नुकसान ईमेलने केले. आमची यादी लहान होती, पण त्यातला प्रत्येक जण आमचा आंबा खाल्लेला होता. एजन्सीने त्यात कोठून तरी विकत घेतलेले हजारो पत्ते मिसळले आणि आमच्या डोमेनवरून सर्वांना जाहिरात धाडली. ज्यांनी आमचे नावही कधी ऐकले नव्हते, त्यांनी साहजिकच ती स्पॅम, म्हणजे नकोसे ईमेल, म्हणून नोंदवली. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले आहेत: स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, आणि जीमेलला दिवसाला 5000 किंवा त्याहून अधिक ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तिन्ही नोंदी (ईमेल खरोखर त्याच डोमेनवरून आले आहे हे पडताळण्यासाठीच्या तांत्रिक नोंदी) आणि एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते. आमच्या डोमेनवर डीमार्कची नोंद नव्हती आणि बाहेर पडण्याचा दुवा उघडतच नव्हता.

ऐन एप्रिलमध्ये दादरच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. "अहो, पैसे भरले, पण तुमचं काहीच उत्तर नाही. यंदा पेटी येणार ना?" ऑर्डर पक्की झाल्याचे ईमेल त्यांच्या स्पॅममध्ये पडले होते. मग चौकशी केली, तेव्हा इतरही अनेकांकडे हाच प्रकार निघाला. ज्यांनी फोन केला नाही, त्यांनी बहुधा दुसरीकडून आंबा घेतला असावा, आणि याचे मला आजही फार वाईट वाटते.

या काळात एजन्सीचे अहवाल मात्र उत्तम होते. ईमेल उघडणाऱ्यांचे प्रमाण त्यात भरघोस दिसे. हा आकडा ईमेलमधील एक अदृश्य चित्र डाउनलोड झाले की वाढतो. ॲपलने 2021 मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे, ती चालू असलेल्या ॲपल मेलमध्ये, वाचणाऱ्याने ईमेल उघडले नाही तरी ते चित्र डाउनलोड होऊ शकते. म्हणून अहवालात ईमेलवरून आलेल्या ऑर्डरी किती आणि यादीतून बाहेर पडलेले किती, हे मागावे. आम्ही ते मागितले, तेव्हा उत्तरे टाळली जाऊ लागली.

करार संपवतो म्हटल्यावर डोमेन परत देण्यासाठी वर्षाच्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम मागण्यात आली. डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने सांगितले की नोंदीत ज्याचे नाव आहे त्यालाच ती ओळखते. आमच्याकडील पावत्या एजन्सीच्या असल्याने तेथे उपयोगी पडल्या नाहीत. अखेर आम्ही नवे डोमेन स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घेतले, तिन्ही नोंदी करून घेतल्या आणि जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करून नवा पत्ता कळवला.

ज्यांचे संकेतस्थळ दुसऱ्याने बांधले आहे त्यांनी डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवले आहे तेथे स्वतःच्या पासवर्डने प्रवेश होतो का, नोंदीत नाव कोणाचे आहे आणि गिऱ्हाइकांच्या यादीची प्रत आपल्याकडे आहे का, हे आजच पाहावे. प्रवेश होत नसेल, तर पुढचा हप्ता देण्यापूर्वी तो लेखी मागून घ्यावा.