ऑनलाइन भाडेकरार सेवा: नव्या घरासाठी उत्तम, महिनाभर जास्त राहायचं असेल तर अपुरी

नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन भाडेकराराची सेवा नवी खोली किंवा फ्लॅट भाड्याने घेताना बिनधास्त वापरावी अशी आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही, अंगठा आणि फोटो घरबसल्या होतो, आणि हातात येतो तो पक्का रजिस्टर दस्त. पण अॅग्रीमेंट संपलं आणि भाडेकरूला अजून वीस दिवस किंवा दीड महिना थांबायचं आहे, या नेहमीच्या गरजेसाठी तिथे सोय नाही. मुदतवाढ नावाचा पर्यायच नाही. जे करायचं ते नव्या दस्तानेच. त्यामुळे सेवेला पाचपैकी चार गुण, आणि कापलेला एक गुण फक्त याच कारणासाठी.

ही गरज मराठवाड्यात कधी पडते ते आधी बघू. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडला क्लाससाठी केलेली खोली साधारण जूनच्या मध्याला घेतली जाते. ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट १५ जूनला सुरू झालं तर १४ मेला संपतं. नीट परीक्षा मेच्या सुरुवातीला होते, निकाल जूनमध्ये लागतो, आणि पोरगं रिपीट करणार का गावाकडे येणार हे त्यानंतर ठरतं. म्हणजे मधला महिना खोली हातात हवी, पण कागद संपलेला. छत्रपती संभाजीनगरला तेच चित्र नोकरदारांचं: बदलीच्या ऑर्डरी मेअखेर निघतात, किंवा स्वतःच्या फ्लॅटचा ताबा बिल्डरकडून ‘पुढच्या महिन्यात’ मिळणार असतो. घरमालक चांगला असतो, म्हणतो, राहा की महिनाभर, कागदाचं काय एवढं. त्या चांगुलपणावर दोघांनीही विसंबू नये.

कारण कायदा दोघांनाही बांधतो. मराठवाड्यात आधी १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा चालायचा. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे. मुदत किती, याने फरक पडत नाही. ‘११ महिन्यांच्या आत असेल तर रजिस्टर करायची गरज नाही’ हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय कागद रजिस्टर नसेल आणि भांडण झालं, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद इथे उपयोगाचा नाही.

भाडेकरूच्या डोक्यावरची खरी टांगती तलवार याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेचं लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायचा परवाना, नेहमीचं ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट हेच) संपलं आणि ताबा दिला नाही, तर करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर अर्जातलं म्हणणं मान्य आहे असं धरून आदेश होतो. आकड्यात सांगायचं तर ९,००० रुपये भाड्याच्या घरात वीस दिवस जास्त राहिल्यास दुप्पट दराने १२,००० रुपये. दुकानाच्या गाळ्याला हे कलम लागत नाही, तो विषय वेगळा.

आता यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. तो अॅग्रीमेंट संपताना करायचा नसून सुरू करतानाच करायचा आहे: मुदत जादा घ्या आणि लवकर निघायची मुभा ठेवा. ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं, ११ चा आकडा ही नुसती सवय आहे. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या रकमेवर, ०.२५ टक्के लागतं. भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,००० असेल तर ११ महिन्यांचे ९९,००० अधिक २,७५०, म्हणजे १,०१,७५०. शुल्क २५४ रुपये, पुढच्या शंभरात पूर्ण करून ३००. हेच १३ महिन्यांसाठी केलं आणि शेवटचे दोन महिने भाडं ९,९०० धरलं तर हिशेब १,२२,०५० वर जातो, शुल्क ३०५, म्हणजे ४००. फरक शंभर रुपयांचा. एवढ्यात १५ जूनचं अॅग्रीमेंट १४ मेऐवजी १४ जुलैपर्यंत जातं आणि निकाल, बदली, ताबा, सगळं त्यात बसतं.

घरमालकाची हरकत असते ती भाडेवाढ बुडण्याची. त्यासाठी भाड्याच्या रकान्यात टप्पे टाका: पहिले ११ महिने एक दर, पुढचे दोन महिने वाढीव दर. आणि अटींच्या रकान्यात साध्या भाषेत लिहा की ११ महिन्यांनंतर परवानाधारकाने १५ दिवसांची लेखी सूचना देऊन जागा सोडली तर उरलेल्या मुदतीचं शुल्क लागणार नाही. दस्तात भाडेकरूला ‘परवानाधारक’ आणि भाड्याला ‘परवाना शुल्क’ म्हणतात, तेच शब्द ठेवा. तयार मसुद्यात कधीकधी लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक मुदतीआधी घर सोडता येणार नाही असं, कलम आधीच बसवलेलं असतं. ते तसंच राहिलं तर ही मुभा कापली जाते, म्हणून मसुदा शेवटपर्यंत वाचा.

वेळ निघून गेली असेल आणि मुदत संपत आली असेल तर छोट्या मुदतीचं नवं अॅग्रीमेंट करा, पण जुनं संपायच्या आत. ९,९०० दराने दोन महिन्यांचे १९,८०० अधिक डिपॉझिटवरचे ५००. शुल्क ५१ रुपयांच्या आत बसतं, भरायचे १००. खरा खर्च नोंदणी फीचा: शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण हद्दीत ५००. वाळूजसारख्या भागात घराची हद्द ग्रामपंचायतीची का पालिकेची हे घराच्या कर पावतीवर बघूनच भरा. दस्त हाताळणीचं शुल्क वेगळं, ते पोर्टल दाखवतं. वीस दिवसांसाठी हजारभर रुपये जाणं जिवावर येतं खरं, पण १२,००० च्या पुढे ते काहीच नाही.

डिपॉझिटचा रकाना या छोट्या दस्तात हमखास चुकतो. पैसे नव्याने दिलेले नसतात, पण फॉर्ममध्ये रक्कम टाकावीच लागते. तिथे रक्कम टाकून अटींमध्ये लिहा की ही अनामत आधीच्या अमुक क्रमांकाच्या दस्तातून पुढे वर्ग केली आहे. हे वाक्य नसेल तर कागदावर दोन डिपॉझिटं दिसतात आणि घर सोडताना वाद होतो.

एक गोष्ट मात्र छोट्या दस्ताने साधत नाही. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांवरच्या शाळाप्रवेशासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून दिलेला भाडेकरार रजिस्टर, अर्जाच्या आधीच्या तारखेचा आणि किमान ११ महिन्यांचा मागतात. लेकराचा अर्ज भरायचा असेल तर दोन महिन्यांच्या कागदावर राहू नका, सरळ पूर्ण मुदतीचं नवं अॅग्रीमेंट करा.

घरपोच अॅग्रीमेंट करून देणाऱ्यांबद्दल. संभाजीनगरच्या सिडको-हडको, गारखेड्यात ते फोनवर येतात, आणि अंगठ्याचं मशीन स्वतःकडे नसल्याने बहुतेकांना त्यांची गरज पडतेच. त्यांचे दर ठरलेले नसतात, म्हणून सरकारी रक्कम आणि त्यांची मजुरी वेगवेगळी विचारा. चलनाची पावती मागा, तिच्यावर मुद्रांक आणि नोंदणी फी स्पष्ट दिसते. पोर्टलवर दस्त भरताना मिळणारा टोकन नंबर आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. त्यावरच दस्ताची स्थिती कळते, आणि घरमालक व भाडेकरू वेगवेगळ्या गावी असतील तर अंगठे वेगवेगळ्या जागी देता येतात. विद्यार्थी १८ च्या आतला असेल तर अॅग्रीमेंट आई किंवा वडिलांच्या नावावरच करावं लागतं. त्यामुळे गावाकडून अंगठा देता येणं ही सोय लातूरच्या पालकांसाठी फार मोलाची आहे.

अंगठा न जुळण्याची कारणं दोन. शेतात, बांधकामावर काम करणाऱ्यांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. हात धुऊन कोरडे करा, अंगठा नाही जमला तर दुसरं बोट लावून बघा. दुसरं कारण, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असणं. ते आधारच्या अॅपमधून तात्पुरतं उघडावं लागतं, मशीन कितीही पुसलं तरी उपयोग नाही. निबंधकाकडून दस्त दुरुस्तीला परत येतो तो मुख्यतः मिळकतीच्या तपशिलामुळे. गुंठेवारीतल्या, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटवरच्या, अनेक घरांना सिटी सर्व्हे क्रमांक नसतो, तिथे गट नंबर, प्लॉट नंबर आणि मालमत्ता कराचा क्रमांक जुळवून टाका. घर दोघा भावांच्या किंवा नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांचीही सही-अंगठा घ्या. दुरुस्तीत दिवस जातात, आणि मुदत संपायला चारच दिवस उरले असतील तर तेवढ्यातच घोटाळा होतो. म्हणून किमान पंधरा दिवस आधी सुरुवात करा. दस्त झाला की पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरूच्या माहितीतली करार संपण्याची तारीखही नवी कळवा, ते काम पोर्टल करत नाही.

मे महिन्यातला मुक्काम वाढवताना पाण्याचं आणि विजेचं लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. नळाला आठवड्यातून एकदाही पाणी येत नाही अशा गल्ल्यांमध्ये टँकर मागवावाच लागतो. भाड्यात तो धरलेला आहे का वेगळा, किती घरांत वाटायचा, हे एका ओळीत दस्तात टाका. विजेचं बिल मागच्या वापराचं येतं, म्हणून मुदत संपण्याच्या दिवशी आणि घर सोडण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा. डिजिटल मीटरची स्क्रीन सारखी बदलत असते: तारीख, वेळ, व्होल्टेज, मग युनिट. केडब्ल्यूएच (kWh) ही अक्षरं दिसतील तोच आकडा युनिटचा. घाईत व्होल्टेजचा फोटो निघतो आणि हिशेब अडतो. महावितरणचा दर १०० युनिटनंतर चढतो, त्यामुळे कूलर चाललेल्या महिन्यात नुसती सरासरी काढून बिल वाटलं तर कोणावर तरी अन्याय होतो. ज्याने जेवढे युनिट वापरले त्याप्रमाणे वाटा.

मुदत संपून गेली, दस्त झाला नाही आणि भाडेकरू अजून आत आहे, अशा वेळी घरमालकाने कुलूप लावू नये, सामान बाहेर काढू नये. त्याच्यासाठी वर सांगितलेला अर्जाचा मार्ग आहे. भाडेकरूने रोख देणं बंद करावं, पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत आणि ‘१५ मे ते ३ जून वापर शुल्क’ असं शेऱ्यात लिहावं. दोघांनी मिळून ताबा देण्याची तारीख, तो दर दुप्पट नसून नेहमीचाच ठरल्याचं, आणि उशिराबद्दल पुढे काही मागणी राहणार नाही, हे एका कागदावर लिहून सह्या कराव्यात. हा कागद रजिस्टर दस्ताची जागा घेत नाही, पण झालेल्या दिवसांचा हिशेब मिटवायला पुरतो. किल्ल्या दिल्याची वेळ, मीटरचा शेवटचा आकडा आणि डिपॉझिटमधून कशासाठी किती वजा केले, हेही त्याच कागदावर घ्या आणि दोघांकडे एकेक प्रत ठेवा.