जुना लॅपटॉप: दहावर थांबायचं, अकरा घ्यायचं की मिंट टाकायचं?

लॅपटॉपचा विषय निघाला की आमच्या सोसायटीत तीन मतं हमखास ऐकू येतात. एक, "स्लो झालाय ना, फॉरमॅट मारून घे." दोन, "रॅम वाढव, उडायला लागेल." आणि खासगीपणाबद्दल कोणी काही बोललंच, तर तिसरं: "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" एरवी ही मतं चहाबरोबर विरघळून जातात. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (म्हणजे दर महिन्याचे सुरक्षा अपडेट) संपला, आणि २०१६-१७ च्या सुमाराला घेतलेला लॅपटॉप ज्यांच्या घरात आहे त्यांना या मतांवर खिशातले पैसे लावायची वेळ आली. विंडोज १० वरच थांबायचं, विंडोज ११ घ्यायचं, की विंडोज सोडून लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकायची, हे ठरवायला त्यांच्यासाठी हा आढावा. ज्यांना गेमिंग करायचं आहे किंवा व्हिडिओ एडिटिंगवर पोट आहे, त्यांनी सरळ नवीन मशीन बघावं. त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

आधी डिस्क

कुठली सिस्टिम चांगली यावर वाद घालण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये जा आणि डिस्कच्या नावाखाली एचडीडी (जुनी, फिरणारी हार्ड डिस्क) लिहिलंय की एसएसडी (फिरता भाग नसलेली नवी डिस्क) ते बघा. एचडीडी असेल आणि लॅपटॉप सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटं ती १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर तुमचं दुखणं तिथेच आहे.

लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय सुई हलायचा वेळ वेगळा. त्यामुळे इकडचे-तिकडचे तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला शंभरेक वाचनांतच तिचा दम निघतो. विंडोज सुरू होताना, अपडेट तपासताना, अँटिव्हायरस फिरताना नेमकं हेच तुकडे-तुकडे वाचन चालतं. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे तेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. प्रोसेसर तोच, रॅम तीच, तरी लॅपटॉप बदलल्यासारखा वाटतो.

"रॅम वाढव" हे मत अर्धंच खरं आहे. ४ जीबी असेल तर ८ करा, फरक पडतो. ८ असताना १६ केली आणि डिस्क जुनीच ठेवली, तर दुकानदाराचं भलं होईल. "फॉरमॅट मार" हे मत तर महिनाभरच खरं असतं.

तेव्हा खालच्या तिन्हींपैकी काहीही निवडलं तरी एसएसडीचा खर्च धरूनच चला. नवीन लॅपटॉप घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

अकराच्या दारातला पहारेकरी

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. कागदावर त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. कागदावरच. लोक अडकतात ते दुसऱ्या अटींवर: टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठवी पिढी किंवा पुढची. ओळखायची खूण सोपी आहे: आय५-८२५०यू मधला पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी, आत या. आय५-७२००यू मधला पहिला आकडा ७, म्हणजे बाहेर थांबा. सातवीतला लॅपटॉप रोजच्या कामात आठवीतल्यापेक्षा फार मागे असतो असं नाही, पण दार बंद.

रुफससारख्या साधनाने हा पहारा चुकवून अकरा बसवता येतं, आणि गल्लीतली बरीच दुकानं ते करूनही देतात. ते चालतं. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगून ठेवलं आहे. स्वतःच्या हौसेच्या लॅपटॉपवर करायचं असेल तर करा. आईवडिलांच्या बँकिंगच्या लॅपटॉपवर मी करणार नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "अकरा सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवतं" असं फॉरवर्ड अजून फिरतंय. त्या सोयीचं नाव रिकॉल. मे २०२४ मध्ये ती जाहीर झाली, टीकेचा भडिमार झाल्यावर लांबली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा आली, तीही तुम्ही स्वतः चालू केली तरच चालणारी. शिवाय ती फक्त कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या, एनपीयू (एआयच्या कामासाठीची वेगळी चिप) असलेल्या नव्या लॅपटॉपवर आहे. आठव्या पिढीवर ती येतच नाही. भीती बाळगायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टीची बाळगा, ती म्हणजे खात्याची.

अकराची होम आवृत्ती बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. २४एच२ ही आवृत्ती कोरी बसवली आणि खात्याने आत गेलात, तर पुष्कळ मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, आणि ती उघडायची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. लॅपटॉप चोरीला गेला तर ही फार चांगली गोष्ट. पण आपल्याकडे खातं काढतो कोण? दुकानातला मुलगा, घाईत, स्वतःच्या नाहीतर दुकानाच्या ईमेलवर. आमच्या शेजारच्या काकांच्या लॅपटॉपने एका सकाळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागितली. ती होती दुकानाच्या खात्यात, आणि दुकान तोवर दोन गल्ल्या सोडून गेलेलं. चार दिवसांनी सापडलं, म्हणून नातवंडांचे फोटो वाचले.

तेव्हा अकरा घेणार असाल तर खातं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढा आणि ती की कागदावर लिहून गॅसच्या पुस्तकाजवळ ठेवा. डायग्नॉस्टिक डेटाच्या (मशीन आणि वापराबद्दल मायक्रोसॉफ्टकडे जाणाऱ्या माहितीच्या) सेटिंगमध्ये जाऊन 'ऐच्छिक' बंद करा. 'आवश्यक' म्हटलेला डेटा मात्र होम आवृत्तीत बंद होत नाही, तो जातोच.

दहावरच थांबायचं असेल तर

थांबता येतं, पण किती दिवस ते ठरलेलं आहे. घरगुती ग्राहकांसाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. ते मिळवायचे मार्ग तीन: विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग्ज खात्याशी जोडायच्या, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे (त्यांच्या सेवा वापरून साठणारे) १००० गुण द्यायचे, नाहीतर ३० डॉलरच्या हिशोबाने पैसे भरायचे. यातही खातं लागतंच, पैसे भरले तरी. एका नोंदणीत दहापर्यंत मशीन बसतात, ही त्यातली चांगली बाजू.

वाढीव अपडेट न घेता दहा तसंच वापरत राहणं हा चौथा मार्ग बरेच जण निवडतील, निवडलाही असेल. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं दर महिन्याला अपडेट येत होते, म्हणून झालं नाही. इंटरनेटला न जोडता फक्त जुना हिशोब बघायला ठेवलेलं मशीन असेल तर माझी हरकत नाही.

मिंट

लिनक्स मिंट २००६ पासून आहे, उबुंटू या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभं आहे आणि फुकट आहे. २२ ची मालिका जुलै २०२४ मध्ये आली, तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. खातं मागत नाही, वापराची माहिती परस्पर कुठे पाठवत नाही. किमान २ जीबी रॅम, पण ४ असली तर सुखाने. माझ्याकडच्या ४ जीबीच्या मशीनवर त्याची एक्सएफसीई आवृत्ती सुरू होऊन थांबली की १ जीबीच्या आत-बाहेर घेते. फार जुन्या मशीनवर हीच घ्या. ८ जीबी असेल तर त्याची सिनॅमन आवृत्ती दिसायला विंडोजच्या जवळची आहे, खालची पट्टी, कोपऱ्यातला मेनू, सगळं ओळखीच्या जागी.

पण मिंटवाले मित्र एक गोष्ट सांगत नाहीत, ती मी सांगतो. क्रोममध्ये वीस टॅब उघडले की ते वीस टॅब मिंटवरही तेवढीच रॅम खातात. सिस्टिम हलकी झाली म्हणून वेबसाइट हलक्या होत नाहीत. आणि "लिनक्सला व्हायरस लागत नाही" हेही तसंच अर्धवट. केवायसीच्या नावाने आलेल्या लिंकवर ओटीपी देणाऱ्याला मिंट वाचवणार नाही.

आता अडचणी. हिशोबाचं टॅली विंडोजवर चालतं. श्रीलिपीत टाइप करणारा छापखाना किंवा वकिलाचं ऑफिस असेल तर तेही विंडोजलाच बांधलेलं. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर कधी चालतं, कधी दिवस खातं. मार्चअखेरीला त्याच्या नादी लागू नका. प्रिंटर एचपीचा असेल तर बहुतेक वेळा जोडला की चालतो. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर चालवणं म्हणजे डोकेदुखी, कारण त्याची भाषा कॅननची स्वतःची आहे. ओटीटीवर चित्राचा दर्जा कधीकधी कमी मिळतो.

मराठी टायपिंग चालतं. इनस्क्रिप्ट (देवनागरीचा सरकारी कळफलक) येत असेल तर काहीच शिकायला नको. रोमनमधून मराठी लिहायची सवय असेल, तर विंडोजचा मराठी फोनेटिक कळफलक आणि लिनक्सवरचा आयट्रान्स यांत फरक आहे, आठवडाभर बोटं चुकतात. मंगल फॉन्टमधली वर्डची फाइल मिंटसोबत येणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये उघडली की ओळी इकडच्या तिकडे होतात. वाचायला हरकत नाही, पण सही-शिक्क्याच्या पत्रासाठी पीडीएफच करा.

मिंटची सगळ्यात मोठी सोय अशी की ते पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. वायफाय पकडतं का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, तासाभरात कळतं. पेनड्राइव्हवर ते जरा मंद चालतं, त्यावरून वेग ठरवू नका.

कायदा कोणाच्या बाजूने?

"आता कायदा आलाय ना" असंही हल्ली ऐकू येतं. आलाय. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना तिथून पुढे १८ महिने दिले आहेत. म्हणजे हा लॅपटॉपचा निर्णय तुम्हाला कायद्याचे दात यायच्या आधीच घ्यायचा आहे.

त्यात चांगलं बरंच आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. डेटा नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो, ज्याचा डेटा फुटला त्याच्या हातात त्यातून काही पडत नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं ४३अ हे कलम काढून टाकायची तरतूद याच कायद्यात आहे. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात, जो मे २०१८ पासून लागू आहे, माणसाला स्वतः भरपाई मागता येते.

युरोपात आणि आपल्याकडे प्रत्यक्षात काय फरक पडतो, ते विंडोज १० च्याच बाबतीत दिसलं. वाढीव अपडेटसाठी सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडे, ठेवायच्या अटीला युरोपातल्या ग्राहक संघटनेने विरोध केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय आर्थिक क्षेत्रासाठी ती अट सोडली. तिथे नुसतं खात्याने अधूनमधून आत आलात की अपडेट फुकट. म्युनिकला असलेल्या भाच्याच्या आणि साताऱ्यातल्या मामाच्या लॅपटॉपवर एकच विंडोज १० असेल, पण तेच अपडेट फुकट घ्यायला मामाला आपल्या सेटिंग्ज वर पाठवाव्या लागतात नाहीतर रिवॉर्ड्सचे गुण मोजावे लागतात, भाच्याला नाही.

"लपवण्यासारखं काय आहे" म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: मग तुमचा फोन अनलॉक करून दहा मिनिटं माझ्याकडे देता का? आजवर कोणी दिलेला नाही.

मी कोणाला काय सांगतो

टॅली, श्रीलिपी, सहीचं टोकन यांपैकी एकावरही पोट असेल तर विंडोज. प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तर एसएसडी टाकून अकरा. सातव्या किंवा आधीच्या पिढीचा असेल तर वाढीव अपडेट घ्या आणि तेवढ्या अवधीत नव्या लॅपटॉपसाठी पैसे बाजूला टाका. धंद्याच्या मशीनवर जुगाड नको.

घरी ब्राउझर, ईमेल, यूट्यूब, चार पत्रं आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल, तर पिढी कुठलीही असो, एसएसडी आणि मिंट. ८ जीबी रॅमचा सातव्या पिढीचा लॅपटॉप अजून काही वर्षं आरामात काढेल. अट एकच: घरात किंवा फोनवर अडलं तर विचारायला कोणीतरी हवं. एकट्या राहणाऱ्या आजींना, त्यांनी मागितलेलं नसताना, मिंट देऊ नका. त्यांची ओळखीची बटणं हीच त्यांची गती.

गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्स या सिस्टिमबद्दलही विचारतात. हलकं आहे, फुकट आहे, पण सगळा कारभार गूगलच्या खात्यावर. एका कंपनीचं खातं नको म्हणून दुसरीकडे जायचं असेल तर ते करू नका.

राहिली काढून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क. दुकानदार "ठेवून घेऊ का?" असं सहज विचारतो आणि आपण सहज हो म्हणतो. तिच्यात आधारचं स्कॅन असतं, पॅन असतं, सात-बारा, मुलांचे दाखले, पासवर्डची वर्डची फाइल. फॉरमॅट मारलं तरी तुकडे परत काढता येतात. ती मागून घ्या. चारपाचशे रुपयांची यूएसबी केसिंग मिळते, तिच्यात बसवा आणि बॅकअपला वापरा. मंद असली तरी त्या कामाला पुरते. द्यायचीच असेल तर आधी पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून घ्या. ५०० जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा.