मोयेस की पोस्टेकोग्लू : जास्त अन्याय कुणावर?

सांगलीत विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर हा वाद मिटत नाही. इंग्लिश फुटबॉलमधले मँचेस्टर युनायटेडवाले आपला जुना प्रशिक्षक मोयेसला अजून शिव्या घालतात, स्पर्सवाल्यांना (म्हणजे टॉटनहॅमवाल्यांना) त्यांच्या जुन्या प्रशिक्षकाचा, अँज पोस्टेकोग्लूचा कळवळा.

मोयेसला निदान दहा महिने मिळाले. एव्हर्टन क्लबात अकरा वर्षं काढून २०१३ मध्ये तो युनायटेडमध्ये आधीचा प्रशिक्षक फर्ग्युसनच्या खुर्चीत बसला, करार सहा वर्षांचा. संघ उताराला लागलेला आणि उन्हाळ्यात मोठी खरेदी एकच, तीही जुन्या क्लबातला फेलायनी. शेवटचा घाव घातला एव्हर्टननंच! २० एप्रिल २०१४ ला ०-२, दोन दिवसांत हातात नारळ.

पोस्टेकोग्लूनं टॉटनहॅमला २०२५ ची युरोपा लीग ही युरोपातली स्पर्धा जिंकून दिली, पण इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये संघ सतरावा आला म्हणून गेला. सप्टेंबरात नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबानं घेतलं आणि ३९ दिवसांत काढलं. आठ सामने, विजय शून्य. आधीचा प्रशिक्षक नुनोच्या काळात मागं थांबून प्रतिहल्ला करणाऱ्या संघाला हंगाम सुरू झाल्यावर पुढं चढून खेळायला शिकवायचं होतं, तेही हंगामाआधीच्या सरावाशिवाय. कोल्हापुरातला पेठेचा संघसुद्धा एवढ्यात बदलत नाही राव!

म्हणून माझं मत अँजच्या बाजूनं. पूर्ण नाही, स्वान्सीविरुद्ध दोन गोलांची आघाडी घेऊन २-३ हरणं, याला कमी वेळेची सबब चालत नाही. पण असा माणूस अशा संघासाठी निवडला कुणी? मालकानंच ना?

मोयेस मात्र सावरला. २०२३ मध्ये वेस्ट हॅम क्लबाला युरोपातलीच कॉन्फरन्स लीग जिंकून दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा एव्हर्टनलाच परतला.